सेमाग्लुटाइड: गोळी बरी की पेन?

"सुई नको, त्यातलीच गोळी द्या," असं वजन उतरवायला सेमाग्लुटाइड मागणाऱ्यांकडून मेडिकलवर सर्रास ऐकू येतं. पण भारतात 2022 पासून मिळणारी रायबेल्सस ही गोळी टाइप 2 मधुमेहासाठी आहे. वजनासाठीचं, पेनसारख्या उपकरणातून टोचायचं वेगोव्ही इंजेक्शन इथे 2025 मध्ये आलं. औषध एकच, सेमाग्लुटाइड. तरी 14 मिग्रॅच्या गोळीने 2.4 मिग्रॅच्या इंजेक्शनइतकं वजन उतरत नाही, कारण गोळीतलं जेमतेम एक टक्का औषध रक्तात पोचतं. अमेरिकेत डिसेंबर 2025 मध्ये वजनासाठी जी गोळी मंजूर झाली, तिचा पूर्ण डोस 25 मिग्रॅ आहे. तिच्या 64 आठवड्यांच्या चाचणीत वजन सरासरी 13.6 टक्के घटलं. इंजेक्शनच्या वेगळ्या, 68 आठवड्यांच्या चाचणीत 14.9 टक्के.

गोळीचं गणित बिघडतं ते सकाळच्या चहापाशी. रायबेल्सस उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी, जास्तीत जास्त 120 मिली साध्या पाण्यासोबत अख्खी गिळायची आणि पुढची 30 मिनिटं काही म्हणजे काही घ्यायचं नाही. औषध जठरातच शोषलं जावं म्हणून गोळीत एक क्षार घातलेला असतो. पोटात अन्न किंवा जास्त पाणी असलं की त्याचा उपयोग होत नाही. तांब्याभर कोमट पाणी पिऊन दिवस सुरू करणाऱ्यांचा डोस असाच वाया जातो. थायरॉइडची गोळीही उपाशीपोटीच लागते, त्यामुळे दोन्हींच्या वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आठवड्याच्या गोळ्या डबीत काढून ठेवू नका; त्यांना दमटपणा सोसत नाही, कोकणातल्या पावसाळ्यात तर मुळीच नाही.

पेन आठवड्यातून एकदा, पोटावर, मांडीवर किंवा दंडावर. सुरुवात 0.25 मिग्रॅने, मग दर चार आठवड्यांनी 0.5, 1, 1.7 आणि शेवटी 2.4. नवं पेन वापरण्याआधी सुईच्या टोकाशी थेंब येतो का ते बघा. बटण दाबल्यावर आकडा 0 वर आला की लगेच सुई उपसू नका, सहापर्यंत मोजा. नाहीतर औषध कातडीवर ओघळतं. न वापरलेलं पेन 2 ते 8 अंशांत, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको. गोठलेलं पेन टाकूनच द्यायचं. उघडलेलं पेन 30 अंशांखाली सहा आठवडे चालतं. नागपूरच्या मे महिन्यात याचा अर्थ फ्रिजच.

इंजेक्शनने मळमळ होत नाही, हा निव्वळ गैरसमज. मळमळ आणि बद्धकोष्ठता औषधामुळे होते, मार्ग कोणताही असो. थोडं थोडं खा, तळकट टाळा. पोटातली जोराची कळ पाठीत जाऊन थांबेना, तर डोस बंद करून तडक डॉक्टर गाठा. स्वादुपिंडाला सूज असू शकते.

फ्रिजची सोय असेल तर वजनासाठी आमचं मत पेनच्या बाजूने. त्यात डोस चुकला तरी सावरून घ्यायला वावही जास्त: राहिलेलं इंजेक्शन पाच दिवसांच्या आत घेता येतं, राहिलेली गोळी मात्र सोडून दुसऱ्या दिवशी नेहमीचीच एक घ्यायची.