कॅप्सूल की धूर: एड्सच्या रुग्णांपुढचे दोन मार्ग

१९९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत एड्सच्या रुग्णांचं वजन झपाट्याने उतरायचं. अन्नावरची वासनाच उडालेली असायची. पर्याय दोन: ड्रोनॅबिनॉलची कॅप्सूल किंवा खुद्द गांजा.

ड्रोनॅबिनॉल म्हणजे गांजातलाच टीएचसी हा घटक, प्रयोगशाळेत बनवून तिळाच्या तेलात मिसळलेला. एड्समुळे भूक मरून वजन घटणाऱ्यांसाठी अमेरिकेत त्याला १९९२ साली मान्यता मिळाली. सुरुवात २.५ मिलिग्रॅमने, दिवसातून दोनदा, जेवणाआधी. मात्रा ठरलेली, फुप्फुसांना त्रास नाही. पण गुण जाणवायला अर्धा-एक तास लागतो, आणि मळमळणाऱ्या माणसाच्या पोटात ती टिकेलच असं नाही. माझ्या मते खरी अडचण हीच.

धूर काही मिनिटांत लागू पडतो, म्हणून किती पुरे ते रुग्णाला स्वतः ठरवता येतं. डॉ. डोनाल्ड एब्रम्स यांच्या २००७च्या अभ्यासात एचआयव्हीमुळे होणारी नसांची वेदना गांजा ओढणाऱ्यांत सुमारे ३४ टक्क्यांनी उतरली, औषधी घटक काढलेला गांजा ओढणाऱ्यांत १७. पायांची आग होऊन रात्र-रात्र जागणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. मात्र प्रतिकारशक्ती खालावलेल्याला बुरशी लागलेला गांजा जिवावर बेतू शकतो.

विषाणूवरचा इलाज यांपैकी एकही नाही. एचआयव्हीची औषधं नियमित घ्यावीच लागतात.

कॅलिफोर्नियात औषध म्हणून गांजा वापरण्याची कायदेशीर वाट १९९६च्या सार्वमताने मोकळी झाली. त्याआधी मेरी रॅथबन या आजीबाई रुग्णांना गांजाच्या ब्राउनी फुकट वाटायच्या. त्यासाठी त्यांनी अटकही सोसली.