फोमचं हेडगिअर: कान वाचवतं, मेंदू नाही

रग्बी लीगच्या (तेरा-तेरा खेळाडूंच्या रग्बीच्या) सामानात सर्वांत जास्त गैरसमज कशाबद्दल असतील तर ते हेडगिअरबद्दल. फोमचे तुकडे शिवून केलेली मऊ टोपी, मागे नाडी, हनुवटीखाली वेल्क्रोचा पट्टा, एवढीच ही वस्तू. ऑस्ट्रेलियाचा माजी खेळाडू जॉनथन थर्स्टन मैदानावर कायम ती घालून दिसायचा. त्यामुळे मुलासाठी हेडगिअर घेणाऱ्या पालकांना वाटतं की आता डोक्याला कितीही मार बसला तरी चिंता नाही. या एका बाबतीत हेडगिअरला शून्य गुण.

डोकं झटक्यात थांबलं किंवा गरकन फिरलं की कवटी शाबूत राहूनही आतला मेंदू हलतो. सेंटिमीटरभर फोम जोराच्या धडकेत पार दबून जातो, आणि डोक्याचं फिरणं थांबवणं तर त्याच्या आवाक्यातच नाही. रग्बी लीगचा खेळाडू केलिन पोंगा हेडगिअर घालतो, तरी 2023च्या मोसमात मेंदूच्या धक्क्यामुळे तो काही सामने बाहेर होता आणि तपासणीसाठी थेट कॅनडाला गेला. एनआरएलमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मुख्य रग्बी लीग स्पर्धेत, मेंदूला धक्का बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूला 15 मिनिटांच्या तपासणीसाठी बाहेर काढतात. डोक्यावर हेडगिअर होतं की नव्हतं, यानं त्यात काही फरक पडत नाही.

मग घ्यायचं कशाला? कानांसाठी. पैलवानांचे कान मोडतात तसेच इथंही मोडतात. कान चुरगळला की कातडी आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचतं, कूर्चेचं पोषण तुटतं आणि कान कायमचा गाठाळ होतो. रग्बी लीगमध्ये स्क्रम (दोन्ही संघांच्या खेळाडूंनी एकमेकांत गुंतून रेटणं) नावापुरताच असतो, खरी घासाघीस टॅकलमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडताना होते. टॅकल करणाऱ्याचं डोकं समोरच्याच्या कमरेला किंवा मांडीला घासत जातं, आणि हूकर किंवा मधल्या फळीतला फॉरवर्ड (दोघंही मैदानाच्या मध्यभागी धडका घेणारे) एका सामन्यात असे तीस-चाळीस टॅकल करतो. अशांना हेडगिअरचा खरा उपयोग. खरचटणं आणि भुवईच्या वरच्या लहान जखमाही कमी होतात. कडेला खेळणाऱ्या विंगरला एवढी गरज नाही.

माप चुकलं तर सगळंच फुकट. टेप भुवयांच्या एक बोट वर धरून, डोक्याच्या मागच्या फुगवट्यावरून फिरवा. घेर दोन मापांच्या मध्ये आला तर लहान माप घ्या, कारण फोम वापरात सैलावतो. केस बांधून खेळत असाल तर तसेच बांधून घालून पाहा. कपाळावरचा भाग धरून मागे ढकला: त्याबरोबर कपाळाची कातडी हलली तर माप बरोबर, टोपी नुसतीच सरकली तर मोठं. कान भोकाच्या बरोबर मध्ये यायला हवा. कडेशी आला तर ज्याला वाचवायचं तोच कान शिवणीखाली चिरडतो. आधी पट्टा लावायचा आणि मग मागची नाडी ताणायची. उलट केलं की पुढची कड डोळ्यांवर उतरते.

तोटे दोन. गरम होतं, आणि ऐकू कमी येतं. चाली ठरवणाऱ्या हाफबॅकची हाक हेडगिअर घातलेल्या खेळाडूपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून कानाची भोकं मोठी असलेलं मॉडेल घ्या. तपासायला हेडगिअर घालून एका कानाशी चिमटीत नाडी चोळून पाहा. स्पष्ट ऐकू आलं तर पास.

सामना संपला की हेडगिअर एखाद्या छोट्या चाहत्याला देऊन टाकायची थर्स्टनची सवय प्रसिद्ध आहे. आपल्याला मात्र एकच हेडगिअर मोसमभर पुरवायचं असतं. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, फोमचे थर सुटतात. कोमट पाण्यात सौम्य साबणानं हातानं धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा. उन्हात फोम कडक होऊन भेगाळतो. अंगठ्यानं दाबलेला खड्डा भरून आला नाही की ते बदलायला झालं.

बहुतेक हेडगिअरमध्ये पहिल्यांदा बिघडतो तो पट्टा. वेल्क्रोत गवत आणि केस अडकतात आणि टॅकलमध्ये तो सुटतो. दर सामन्यानंतर सुईनं साफ करा, आणि धुताना बंद ठेवा.