थर्मोस्टॅटच्या डब्यात पंख्याचा रेग्युलेटर

सापासाठी ‘रेडी सेट’ विकणाऱ्या एकाकडून मी हीट मॅट (सापाच्या काचेच्या टाकीखाली ठेवायची, विजेवर तापणारी चटई), थर्मोस्टॅट (ठरवलेलं तापमान आलं की मॅटची वीज आपोआप तोडणारा डबा) आणि काचेला चिकटवायचा काट्याचा गोल थर्मामीटर असा संच घेतला. त्यातला थर्मोस्टॅट हा थर्मोस्टॅट नव्हताच. अजून कोणी फसू नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

खरी हातचलाखी डेमोमध्ये होती. काळा डबा, त्यावर गोल बटण, बटणाभोवती 20 ते 40 अंश छापलेले, डब्यातून निघालेली प्रोबची, म्हणजे तापमान ओळखणाऱ्या टोकाची, राखाडी तार. त्याने बटण 30 वरून खाली फिरवलं आणि लाल दिवा विझला. “बघा, कट झाला. आता तुम्ही निर्धास्त.” बटण फिरवल्यावर दिवा विझणारच की! प्रोब तापल्यावर तो विझतो का, हा खरा प्रश्न. त्या प्रोबला त्याने बोटही लावलं नाही.

घरी आल्यावर काटा 29-30 च्या आसपास असायचा. कॉर्न स्नेक जातीच्या माझ्या सापाला गरम बाजूला साधारण तेवढंच लागतं, थंड बाजूला 22 ते 24. तरी साप गरम बाजूला फिरकेना, सारखा पाण्याच्या भांड्यात वेटोळं घालून बसलेला. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “कात टाकायला आला असेल, तेव्हा बसतातच पाण्यात.” बसतात, हे खरं आहे. असलं अर्धं खरं बोलण्यात हे लोक पटाईत. पण कातीवर आलेल्या सापाचे डोळे दुधाळ होतात आणि याचे तर अगदी स्वच्छ होते.

मग पोटाचे खवले लाल दिसले. डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, भाजलंय. नशिबाने वरवरचं होतं, औषधाने बरं झालं. त्यांनी सुचवल्याप्रमाणे गन थर्मामीटर (लांबून रोखून तापमान मोजणारा) मिळवला, भुसा बाजूला सारला आणि मॅटच्या वरच्या काचेवर रोखला. 47 अंश. माणसाच्या कातडीलासुद्धा 44 अंशांचा चटका सतत काही तास बसला तर ती भाजते. आणि साप चटका बसला की लगेच उठून जाईल, असं धरून चालू नका. तापलेल्या जागेवर तसेच पडून राहून भाजलेले साप डॉक्टरांकडे नेहमी येतात.

ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने डबा उघडला. आत पंख्याचा रेग्युलेटर! प्रोबची तार आत आणून गाठ मारून गोंदाने चिकटवलेली, कशालाही जोडलेली नाही. रेग्युलेटर मॅटला ठरावीक वीज देत राहतो. खोली गार असो की उकडत असो, वर भुशाचा जाड थर असो, त्याला काही पत्ता नसतो.

मला जास्त चीड आली ती त्या फुकट दिलेल्या थर्मामीटरची. मॅट तळाला, थर्मामीटर काचेवर वर, हवेचं तापमान दाखवणारा. खाली काहीही तापो, वरचा काटा शहाण्यासारखा 30 वर. एका खोट्या वस्तूला दुसरी साक्षीदार दिली होती, म्हणून तर शंका यायला वेळ लागला.

अशी वस्तू घेताना विक्रेत्यासमोरच तपासा. थर्मोस्टॅट 28 वर लावा आणि प्रोब मुठीत घट्ट धरा. मूठ त्याहून गरम असते, त्यामुळे थोड्या वेळाने वीज तुटायला हवी. मग प्रोब गार पाण्यात बुडवा, वीज परत सुरू झाली पाहिजे. बटणाला मध्ये हात लावायचा नाही, त्यालाही लावू द्यायचा नाही. काही थर्मोस्टॅट वीज एकदम न तोडता कमी-कमी करत नेतात, तेही चालतं, पण प्रोब तापल्यावर फरक दिसलाच पाहिजे. वेगळा डिजिटल थर्मामीटर घेतलात तर त्याचा प्रोब ठेचलेला बर्फ आणि थोडं पाणी यांच्या मिश्रणात ठेवा, शून्याच्या आसपास आकडा यायला हवा. कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा मिळाला तर उत्तम, रात्री आपण झोपलेले असताना काय झालं ते सकाळी कळतं. गन थर्मामीटर फक्त पृष्ठभाग मोजतो, आणि काचेबाहेरून रोखलात तर काचच मोजेल. अस्सल थर्मोस्टॅटचासुद्धा रिले (वीज चालू-बंद करणारा आतला स्विच) कधीकधी चालू स्थितीत अडकतो, त्यामुळे त्याच्याच आकड्यावर विसंबू नका.

विक्रेत्याला उघड्या डब्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, “डबा उघडलात ना, वॉरंटी गेली.” पैसे मागितले तेव्हा आधी जास्त वॅटची मॅट सवलतीत देऊ केली, मग नंबर ब्लॉक केला. तेच सेट आता नव्या नावाने विकायला आलेत. डबा काळाच आहे, प्रोबची तार राखाडीच आहे, फक्त बटणाभोवतीचे आकडे आता 40 ऐवजी 35 पर्यंत छापलेत.