लॅपटॉप स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि पायाखालचा पाट : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वापर नऊ महिन्यांचा, आठवड्याचे पाच दिवस, रोज साधारण आठ तास. वस्तू तीनच: घडी होणारा ॲल्युमिनियमचा लॅपटॉप स्टँड, वायरचा साधा कीबोर्ड-माउस आणि पायाखाली जेवणाचा लाकडी पाट. सगळं मिळून खर्च अडीच हजारांच्या आत.

निकाल आधीच सांगायचा तर या तिघांत सगळ्यात उपयोगी पडला तो पाट. आणि नुसता स्टँड घेतला तर त्रास उलट वाढतो, हे घेणाऱ्याने पक्कं लक्षात ठेवावं.

कारण मोजमापात आहे. ऑफिसचं टेबल सहसा 73 ते 76 सेंटिमीटर उंच असतं. 155 सेंटिमीटर उंचीची व्यक्ती पाय जमिनीला टेकवून ताठ बसली, तर तिचं कोपर जेमतेम 63 ते 65 सेंटिमीटरवर येतं. टेबल दहाएक सेंटिमीटरनी उंच पडलं. मग टाइप करताना खांदे दिवसभर किंचित उचललेले राहतात, आणि दुपारी चारच्या सुमारास मानेच्या मुळाशी जी कळ येते ती बहुतेकदा तिथूनच. खुर्ची वर घेतली की कोपर टेबलाशी जुळतं, पण टाचा लोंबतात. सीटची कड मांडीखाली रुतते, पायांना मुंग्या येतात, माणूस नकळत पुढे सरकून कडेवर बसतो आणि पाठीचा टेका सुटतो. हजारो रुपयांची खुर्ची अशी वाया जाते. पायाखाली दहा सेंटिमीटर काहीतरी ठेवलं की सगळं जागेवर येतं.

म्हणून जुळवणीचा क्रम महत्त्वाचा. आधी खुर्ची: खांदे सैल सोडून कोपर काटकोनात दुमडायचं आणि ते कीबोर्डच्या पातळीला येईपर्यंत सीट वर घ्यायची. मग पाय: टाच टेकली पाहिजे आणि गुडघ्यामागे व सीटच्या कडेत दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. स्क्रीन सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक स्क्रीनपासून सुरुवात करतात आणि नंतर खुर्ची हलवली की सगळं बिघडतं.

जेवणाचा पाट सहसा 5 ते 7 सेंटिमीटर उंच असतो. कमी पडला तर त्याखाली ए-फोर कागदाचं न फोडलेलं रिम ठेवावं. 500 कागदांचं रिम साधारण 5 सेंटिमीटर जाड असतं. खरेदीआधी दोन दिवस नुसती रिमं ठेवून बघावीत, म्हणजे नेमकी उंची कळते. गुळगुळीत टाइल्सवर पाट सरकतो, आणि सरकता पाट नसल्यापेक्षा वाईट, कारण पाय त्याला धरून ठेवण्यातच शिणतात. ड्रॉवरमध्ये अंथरायची रबरी जाळी खाली टाकली की प्रश्न मिटतो.

आता स्टँड. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा बोटभर खाली, अंतर हात लांब केल्यावर बोटं टेकतील इतकं. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा असेल तर मात्र हे माप चालत नाही: वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात असतो, त्यामुळे उंच स्क्रीन बघायला हनुवटी वर करावी लागते. अशांनी स्क्रीन आणखी दोन-तीन इंच खाली ठेवावी. स्टँडवरच्याच कीबोर्डवर टाइप करणं ही सगळ्यात मोठी चूक. मनगटं मागे वाकतात, खांदे वर जातात, आणि स्टँडही डुलतो. ‘पाचच मिनिटांचं काम आहे’ म्हणून केलेलं टायपिंग तासभर चालतं, हे ध्यानात असू द्यावं.

स्टँडचे सांधे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सैल पडतात आणि स्क्रीन हळूहळू खाली येते. सोबत मिळालेली ॲलन की (स्क्रू आवळायची षटकोनी किल्ली) टाकून देऊ नये. महिन्यातून एकदा अर्धा फेरा आवळलं तरी पुरतं. उन्हाळ्यात बंद गाडीत बॅग राहिली की रबरी पॅडचा गोंद सुटतो. जुना गोंद खरवडून दुहेरी टेप लावली की झालं.

कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय दुमडलेलेच ठेवावेत. ते उघडले की मनगट मागे वाकतं. नंबरपॅडवाला मोठा कीबोर्ड माउसला उजवीकडे ढकलतो आणि दिवसभर हात बाहेर ताणलेला राहतो. आकडेमोडीचं काम नसेल तर बिननंबरपॅडचा घ्यावा. हिशेबाचं काम असेल तर वेगळा नंबरपॅड घेऊन डावीकडे ठेवता येतो, आठवड्याभरात हात बसतो. वायरचा असो की वायरलेस, घेण्याआधी ऑफिसच्या आयटी विभागाला विचारावं, बऱ्याच ठिकाणी यूएसबी पोर्ट बंद असतात.

फरक कधी जाणवतो? पहिला आठवडा अवघडच जातो, टायपिंगचा वेग पडतो आणि पाठ ताठ वाटते. मान आणि खांद्यांचा ताण दोन-तीन आठवड्यांत उतरू लागतो. कंबरेचं मात्र वेगळं आहे. उत्तम बैठकही तासभर तशीच राहिली की कंबर आखडते. तिथे कुठलीच वस्तू कामाची नाही, उठणं कामाचं. त्यासाठी टेबलावरची लिटरची बाटली काढून 300 मिलिलिटरचं भांडं ठेवणं हा सगळ्यात टिकलेला उपाय. ते भरायला दिवसात सहा-सात वेळा उठावंच लागतं. मोबाइलचा गजर आठवड्याभरात दुर्लक्षित होतो, तहान होत नाही. जेवणानंतरची शतपावली दहा मिनिटांची केली तर तीनची पेंग बरीच ओसरते. जेवून लगेच बसलं की ती हमखास येते.

डोळ्यांसाठी दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या वस्तूकडे 20 सेकंद बघावं. एसीचा झोत थेट चेहऱ्यावर येत असेल तर याचा अर्धा फायदा जातो. झोताची पट्टी वळवून घ्यावी. खिडकी स्क्रीनच्या बाजूला हवी, समोर किंवा पाठीमागे नको.

ठरलेली जागा नसेल, रोज नवं टेबल मिळत असेल, तर स्टँडच्या सांध्यावर मार्करने खूण करावी आणि सीटची उंची शिंप्याच्या टेपने एकदा मोजून लिहून ठेवावी. सकाळी दोन मिनिटांत जुळतं. घरी जेवणाच्या टेबलावर काम करणाऱ्यांनी बसायला घट्ट उशी घ्यावी, कापसाची मऊ उशी तासाभरात दबते आणि कमी झालेल्या उंचीचा ताण पुन्हा खांद्यांवर येतो. उंच टाचांची चप्पल घालणाऱ्यांनी मोजताना तीच घालावी.