अंधेरीतलं विमानाचं सिम्युलेटर: ‘इंधन संपलं’ हा धडा मागून घ्या

मुलगी धुळ्याला पायलटचं शिक्षण घेतेय. फोनवर ती ‘आज फोर्स्ड लँडिंगचा सराव झाला’ (म्हणजे इंजिन बंद पडलं तर मिळेल तिथे उतरायचा) असं सहज सांगते आणि इकडे माझा घास घशात अडकतो. म्हणून गेल्या शनिवारी अंधेरी पूर्वेला, एका गाळ्यात सेसना 172 या छोट्या विमानाचं सिम्युलेटर आहे, तिथे जाऊन आले.

तासाचे साडेतीन हजार. अकराची वेळ दिली होती, बसवलं पावणेबाराला. साधा फोनही केला नाही, ते मुळीच आवडलं नाही. उजवं पेडलही अडकत होतं. पण शिकवणारा मुलगा हाडाचा शिक्षक.

‘इंधन संपलं तर काय होतं तेवढंच दाखव,’ म्हटलं. त्याने आधी जमिनीवरच थांबवलं. दोन पंखांत दोन टाक्या, मिळून वापरता येतं असं इंधन साधारण 200 लिटर. नुसत्या काट्यावर विसंबायचं नाही. पंखाशी चढायचं, झाकण उघडायचं, डिपस्टिक बुडवून बघायची. आपण सिलिंडर उचलून अंदाज घेतो, तसंच की! 1983 साली कॅनडात पाउंड आणि किलोच्या घोळामुळे अख्खं बोईंग 767 हवेत कोरडं पडलं होतं, हेही त्यानेच सांगितलं. त्यातले सगळे वाचले.

जुहूहून उडालो. गोराईवर, दोन हजार फुटांवर इंजिन खोकलं आणि गप्प झालं. मग ऐकू येतो तो फक्त वारा. माझे हात आपोआप मागे ओढले गेले, नाक वर गेलं, वेग फार कमी झाल्याचा भोंगा कोकलला आणि मी समुद्रात.

‘काकू, नाक खाली. आधी अडुसष्ट नॉट धरा, बाकी सगळं नंतर.’

दुसऱ्यांदा तेवढा वेग धरला. माझे बाबा पेट्रोल संपलं की बजाज स्कूटर आडवी करायचे आणि पंपापर्यंत न्यायचे. इथे तसलं काही नाही. टाकीची कळ बघितली, पंप लावला, रेडिओवर तीनदा ‘मेडे’, म्हणजे ‘वाचवा’, म्हटलं. दोन हजार फुटांवरून वारा नसेल तर जेमतेम साडेपाच किलोमीटर तरंगता येतं आणि जुहू पंधरा किलोमीटर मागे. म्हणजे समोरची ओहोटीची वाळू हाच रनवे.

टेकण्याआधी तो म्हणाला, ‘आता दाराची कडी काढा.’ आपटल्यावर सांगाडा वाकला तर दार अडकतं. सिम्युलेटरला दार नाहीच, तरी त्याने माझा डावा हात हवेत नेऊन कडी काढायला लावली. अजून तो हात आठवतो.

रात्री मुलीला विचारलं, ‘डिपस्टिक कोण बुडवतं गं, तू की मेकॅनिक?’

‘मीच, आई. प्रत्येक वेळी.’

ती दिवाळीत आली की दोघी जाणार आहोत. सकाळची पहिली वेळ घेणार, म्हणजे ताटकळायला नको.