वृषण काढल्यावर: नुसता फॉलोअप की एक केमो?

वृषणातला जर्म सेल ट्यूमर (बीजपेशींचा कॅन्सर) जांघेतून चीर देऊन काढला, सीटी स्कॅन स्वच्छ आला, मार्कर (ट्यूमरची खूण देणारे रक्तातले पदार्थ) उतरले, तर ती पहिली स्टेज. पुढं काहीच न देता तपासण्या करत राहायचं, की लगेच केमो घेऊन टाकायची? दोन्हीकडे ९९ टक्क्यांच्या आसपास रुग्ण वाचतात. फरक आहे तो औषध कुणाच्या अंगावर किती पडतं याचा.

आधी मार्कर खरंच उतरलेत का ते पाहा. एएफपी हा त्यातला एक मार्कर, तो ५ ते ७ दिवसांत निम्मा व्हायला हवा. ऑपरेशनच्या दिवशी ४०० असेल तर तीन आठवड्यांनी ५० च्या आसपास किंवा खालीच. ते १८० वर अडकलं किंवा चढलं, तर आजार कुठंतरी उरलाय. मग ही तुलना गैरलागू, पूर्ण केमोच लागण्याची शक्यता जास्त. आणि मुळात एएफपी वाढलेलं असेल, तर रिपोर्टात सेमिनोमा लिहिलेलं असूनही उपचार नॉन-सेमिनोमाचेच (या ट्यूमरचे हे दोन मुख्य प्रकार).

सेमिनोमात फॉलोअपवर शंभरात १५ ते २० जणांचा आजार परततो, बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांत. कार्बोप्लाटिन या केमोच्या औषधाच्या एका डोसनं हा आकडा ५ वर येतो. म्हणजे ऐंशी जण औषध फुकट घेतात. इथं आमचा कौल फॉलोअपला. रेडिएशनही चालतं, पण पुढं दुसऱ्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून ते मागे पडलंय.

नॉन-सेमिनोमात रिपोर्टमधली ‘लिम्फोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन’ (ट्यूमर रक्त किंवा लसीका वाहिन्यांत शिरलाय) ही ओळ शोधा. नसेल तर परतण्याची शक्यता साधारण १५ टक्के, फॉलोअपवर थांबलेलं बरं. असेल तर जवळपास ५० टक्के, आणि बीईपी या तीन औषधांच्या केमोची एक सायकल ती दोन-तीन टक्क्यांवर आणते. सायकल २१ दिवसांची: सिस्प्लाटिन, इटोपोसाइड सलग पाच दिवस, ब्लिओमायसिन आठवड्याला एकदा. फॉलोअपवर आजार परतला तर अशाच किमान तीन सायकली. आज एक, की निम्म्या शक्यतेनं पुढं तीन, असा हा हिशेब.

फॉलोअप बिघडतो तो तारखा चुकल्यानं. बरं वाटतंय म्हणून स्कॅन टळतो, आणि सेमिनोमा परतताना मार्कर बरेचदा नॉर्मलच असतात. नुसत्या रक्ततपासणीवर भागत नाही. तारखा पाळणं जमणार नसेल तर केमोचं पारडं जड.

बीईपीत कोरडा खोकला, धाप किंवा कानात आवाज आला तर पुढच्या डोसआधीच सांगा. वीर्य गोठवायचं असेल तर ते केमोच्या आधी; ऑपरेशनपूर्वी जमलं तर उत्तमच.