अंबाड्याचा संच: डोनट ठेवा, पिना बदला

लग्नसराई जवळ आली की ‘हेअर स्टायलिंग किट’ लिहिलेले डबे सगळीकडे दिसू लागतात. तुळशीबागेत, दादरच्या रानडे रोडवर, आणि ऑनलाइन तर मोजता येणार नाहीत इतके. वरची नावं निरनिराळी असली तरी आतला माल जवळजवळ सारखाच असतो: लहान-मध्यम-मोठे असे तीन डोनट (अंबाड्याच्या आत बसणारी, त्याला आकार देणारी मऊ गोल कडी), पुढे फुगा काढायला बंपर, पोनी उलटी ओवायचे प्लॅस्टिकचे लूप, फ्रेंच रोलसाठी स्पंजची वाकणारी पट्टी, सागरवेणीसाठी दाते असलेला साचा, एखादी जाळी, थोडी रबरं आणि मूठभर पिना. किंमत साधारण २०० ते ४०० रुपये. घरी अंबाडा घालायला शिकायचं असेल तर हा संच जरूर घ्यावा, पण तो डोनटसाठी. बाकी निम्म्या वस्तू डब्यातच राहतील.

डोनट निवडताना केसांची लांबी पाहतात, तितकीच दाटीही पाहायला हवी. खांद्याच्या थोडे खाली जाणाऱ्या केसांना लहान, म्हणजे सुमारे ६ सेंमी व्यासाचा डोनट पुरतो. पाठीच्या मध्यापर्यंत केस असतील तर मध्यम, ८ सेंमीचा. मोठा १० सेंमीचा डोनट लांब असून दाटही असलेल्या केसांनाच शोभतो. विरळ केसांत तो हमखास दिसतो, मग कितीही जाळ्या लावा. रंग केसांना जुळणारा घ्या. काळ्याभोर केसांत तपकिरी डोनट फोटोत फ्लॅश पडला की लगेच उघडा पडतो. डोनट बोटांनी दाबून सोडल्यावर तो पुन्हा गोल व्हायला हवा. चपटाच राहिला तर संध्याकाळपर्यंत अंबाडाही चपटा होणार.

अंबाडा टिकतो तो खालच्या पोनीवर. आदल्या दिवशी धुतलेले केस यासाठी उत्तम. त्याच दिवशी धुतलेल्या, कंडिशनर लावलेल्या केसांवर पिना घसरतात. धुवावेच लागले तर मुळाकडे थोडं उलटं विंचरून घ्या. नऊवारीवर अंबाडा खाली हवा असेल तर पोनी मानेच्या खळगीच्या दोन बोटं वर बांधा. त्याहून खाली बांधली तर मान वर केली की अंबाडा ब्लाऊजच्या गळ्यावर टेकतो आणि ढिला होत जातो. संचातली बारीक रबरं इथे वापरू नका. दोन्ही टोकांना आकडे असलेलं इलॅस्टिक वेगळं घ्या: एक आकडा पोनीच्या मुळात अडकवायचा, इलॅस्टिकचे तीन-चार घट्ट वेढे द्यायचे आणि दुसरा आकडा त्याच जागी अडकवायचा. पोनी रबरातून ओढून काढावी लागत नाही, त्यामुळे विंचरून बसवलेले केस उठत नाहीत.

पोनी डोनटमधून ओवून डोनट डोक्याला टेकेपर्यंत सरकवा. मग केस छत्रीसारखे चारी बाजूंनी पसरा आणि वरून एक पातळ रबर चढवा. खाली उरलेल्या टोकांचे दोन भाग करून एक डावीकडून, एक उजवीकडून पीळ देत डोनटभोवती गुंडाळा. स्टेपकट असेल तर आखूड बटा इथेच बाहेर डोकावतात. त्या ओल्या बोटांनी दाबून उपयोग नाही, वाळल्या की पुन्हा उठतात. बोटाच्या टोकावर हरभऱ्याएवढं जेल घेऊन बट पिळात घ्या आणि त्यावर जाळी चढवा.

आता पिना, आणि संचाची खरी निराशा इथेच आहे. बहुतेक डब्यांतल्या पिनांची तार मऊ असते. काळी पिन बोटांनी सेंटीमीटरभर उघडून सोडा. ती पटकन पूर्ण मिटली तर चांगली. फट राहिली तर फेकून द्या. टोकावरचा प्लॅस्टिकचा थेंब नखाने खरवडून पाहा. तो निघाला तर ती पिन टाळूला ओरखडे काढणार. चांगल्या काळ्या पिनांचं आणि यू पिनांचं एकेक पाकीट वेगळं विकत घ्या. या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त कामी येणारा खर्च तोच आहे.

काळी पिन लावताना नागमोडी बाजू टाळूकडे आणि सरळ बाजू वर ठेवा. पुष्कळजणी नेमकं उलटं करतात आणि पिन निसटते म्हणून तिलाच दोष देतात. यू पिन मात्र सरळ खुपसायची नाही. ती उभी धरून अंबाड्याच्या कडेचे थोडे केस तिच्यात घ्यायचे, मग आडवी करून डोनटखाली, डोक्याला समांतर, मध्याकडे ढकलायची, म्हणजे अंबाड्याचे आणि मुळाचे असे दोन्ही केस तिच्यात अडकतात. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार पिना आधी लावा, मग गरज वाटेल तिथे आणखी दोन-तीन. पिन टोचत असेल तर ती टाळूत रुतली आहे. सैल हलत असेल तर तिने फक्त अंबाडा धरला आहे, मूळ नाही. दोन्ही वेळा काढून पुन्हा लावा. टोचणारी पिन तशीच ठेवली तर डोकं दुखू लागतं.

बंपर बरा आहे, पण तो फार पुढे लावला तर कपाळावर टेंगूळ आल्यासारखं दिसतं. कानाच्या रेषेच्या किंचित मागे लावा आणि वरून केसांचा जाडसर थर येऊ द्या. पोनी लूप लहान मुलींच्या पोनीसाठी छान. स्पंजची पट्टी विरळ, एकसारख्या लांबीच्या केसांवर चालते; दाट केसांत आतली तार सरळ होऊ लागते आणि रोल सुटतो.

सागरवेणीचा साचा अजिबात वापरू नका. दात्यांत केस अडकतात, आणि दात्यांमधलं अंतर ठरलेलं असल्यामुळे पेड केसांच्या दाटीप्रमाणे लहानमोठे करता येत नाहीत. हातानेच घाला. कपाळाजवळ त्रिकोणी भाग घेऊन तीन पेड करा, एकदा साधी वेणी घाला आणि पुढच्या प्रत्येक वेढ्याला बाजूची बोटभर रुंद बट त्या पेडात मिळवा. बटा दोन्हीकडून सारख्या जाडीच्या हव्यात, नाहीतर वेणी एका कानाकडे झुकते. हात डोक्याला टेकलेले ठेवा. ते हवेत राहिले की वेणी फुगते. मानेजवळ आल्यावर डोकं खाली घालायचा मोह होतोच. तो टाळा, कारण मान वर केली की तिथले केस सैल पडून झोळी होते. मागे दुसरा आरसा धरून पाहत बसण्यापेक्षा बोटांनी चाचपत घातलेली वेणी सरळ येते. गंगावन जोडायचं असेल तर सगळे केस वेणीत आल्यानंतर, मानेखाली, चार-पाच वेढे झाल्यावर जोडा. अगदी मुळाशी जोडलं तर त्याचा सगळा भार मानेजवळच्या केसांवर येतो.

गजऱ्याचा हिशोब सोपा आहे. मध्यम डोनटचा अंबाडा केसांसकट १०-११ सेंमी व्यासाचा होतो, म्हणजे घेर साधारण ३१ ते ३५ सेंमी. हातभर गजऱ्यात एक वेढा होऊन टोकं एकमेकांवर येतात. दुहेरी हवा असेल तर दोन हात घ्या. भरगच्च मोगऱ्याचा गजरा ओला असताना चांगलाच जड असतो, म्हणून लावण्याआधी पाणी झटकून घ्या आणि दर चार बोटांवर एक यू पिन लावा. गजरा फक्त दोन टोकांना अडकवला तर तो खाली ओघळतो आणि अंबाड्यालाही ओढतो.

हेअर स्प्रे २५ ते ३० सेंमीवरून, गजरा लावण्याआधी मारा. फुलांवर पडला तर ती काळवंडतात. बहुतेक स्प्रेमध्ये अल्कोहोल आणि पेट घेणारा वायू असतो. मारल्यावर केस पूर्ण वाळेपर्यंत निरांजन, समई किंवा होमाजवळ जाऊ नका, आणि हळदीच्या किंवा विधीच्या गडबडीत नवरीच्या केसांवर मधेच फवारा मारायचा असेल तर तिला आगीपासून दूर नेऊनच मारा.

रात्री सोडताना आधी सगळ्या पिना मोजून काढा. एखादी राहिली तर झोपेत टोचते. बारीक रबर ओढू नका, लहान कात्रीने कापा. स्प्रेने कडक झालेल्या केसांत कंगवा घालण्याआधी तळहाताला खोबरेल लावून ते केसांवरून फिरवा, मग टोकांपासून वर सोडवत जा. कपाळाची आणि कानशिलाची कड दुखत असेल तर पुढचे दोन-तीन दिवस केस सैल ठेवा. त्या कडेवर घट्ट ताण वारंवार पडत राहिला तर तिथले केस विरळ होतात, आणि ताण फार काळ चालू राहिला तर ते परत येतीलच असं नाही.